मनूचा घट आणि आमची बरणी

गतवर्षी दसऱ्याच्या सुटीत आम्ही सहकुटुंब लकनावरम सरोवरातील एका बेटावर दोन रात्री तंबूत राहिलो. हैदराबादेहून दोनशेंहून अधिक किलोमीटरांवर, मुलुगु जिल्ह्याच्या अरण्यात, काकतीय राजांनी तेराव्या शतकात हा जलाशय बांधविला. पक्क्या भिंती सोडून कापडाच्या भिंतींत राहण्याची हौस मोठी मौजेची खरी. परंतु परतीचा मार्ग खुला असतो म्हणूनच ती मौज वाटते, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाशी एक शेंदरी डाग पाण्यावर हलताना दिसला. जवळ जाऊन पाहतो तो शेकडो पिल्लांचा थवा! ती मरळ माशाची पिल्ले. तेलुगूत ह्यास कोर्रमीनु म्हणतात. हाच तेलंगणाचा राज्यमत्स्य. ह्या माशास हवेचा घोट घेण्यास पृष्ठभागी यावे लागते, आणि पिल्ले वर येतात तेव्हा जन्मदाता मासा खालून पहारा करतो. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी बाटली बुडवून तीन पिल्ले उचलली. खालचे पाणी एकाएकी ढवळले. ते आम्ही पाहिले, आणि तरीही 'असू दे' म्हणालो.

घरी काचेच्या बरणीत आठवड्याच्या आत दोन पिल्ले मेली. मुलाचे मन रमावे म्हणून आम्ही त्यास नेहरू प्राणी उद्यानातील मत्स्यालय दाखविण्यास नेले. काचेस नाक लावून तो बराच वेळ उभा राहिला व मग म्हणाला, "बाबा, ह्यांनी काय गुन्हा केला?" विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्ध युक्तिवाद करणाऱ्या आम्हांस उत्तर सुचेना. सौभाग्यवतींनी हळूच पुस्ती जोडली, "आणि दुपारच्या सुरमईने तरी काय केला होता?"

आमच्या ज्ञातीत नुस्त्याविना जेवण गोड लागत नाही, तेव्हा हा टोला वर्मी बसला. ह्या विषयात कायदा काय म्हणतो? 1960 चा प्राणिक्रूरता-प्रतिबंधक अधिनियम माणसाखेरीज प्रत्येक सजीवास प्राणी मानतो. अर्थात मासाही त्यात आला. हालचालीस रास्त वाव नसलेल्या पिंजऱ्यात त्यास कोंडणे हा अपराध आहे. परंतु अन्नासाठी केलेला वध, अनावश्यक यातना न दिल्यास, अपराध नव्हे. ज्याचा जीव घेता येतो त्याचे स्वातंत्र्य मात्र घेता येत नाही, ही विसंगती नव्हे काय, असे एका वकीलमित्राने हसत विचारले.

आम्हांस ती तितकीशी विसंगती वाटत नाही. खाणाऱ्याचा माशाशी संबंध एका घासाचा, पाळणाऱ्याचा रोजचा. तीन पिल्ले उचलताच खालून पहारा करणाऱ्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले, आणि ते केले नाही. हा युक्तिवाद मत्स्याहाऱ्यास सोयीचा आहे, हेही कबूल केले पाहिजे.

शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा वाचकांस ठाऊक आहेच. सकाळी हात धुताना एक लहानगा मासा मनूच्या हाती आला व म्हणाला, मला सांभाळ. मोठे मासे लहानांस गिळतात. प्रथम घटात ठेव, तो अपुरा पडला की खड्ड्यात, आणि तोही अपुरा पडला की समुद्रात ने. मनूने तसे केले. प्रलयाची नौका सर्वांच्या स्मरणात राहते. घटाकडे कोणी पाहत नाही. तो घट माशाने स्वतः मागितला होता, त्याच्या रक्षणासाठी होता, आणि मासा वाढताच सोडावयाचा होता. ह्या तिन्ही कसोट्यांवर आमची बरणी नापास होते.

मत्स्यालयांचे काय? मुंबईस 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी आम्ही समुद्रातील मासा प्रथमच जिवंत पाहिला. तोवर मासा म्हणजे ताटातला. ती काच नसती तर त्या दिवशी सरोवराच्या काठाशी आम्ही थबकलो असतो की नाही, कोण जाणे. म्हणून सरसकट निषेध करण्यास जीभ रेटत नाही. मात्र मुलाच्या प्रश्नास हे उत्तर होत नाही, हेही खरेच.

उरलेले पिल्लू आता बोटाएवढे झाले आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी न्यायालयास सुटी आहे. तेव्हा त्यास घेऊन मुलुगुस जावयाचे ठरले आहे. बाटलीत ते मावणार नाही, म्हणून चिरंजीवांनी देवघरातील कळशी मागितली आहे. सौभाग्यवतींनी अद्याप होकार दिलेला नाही.