रोगाचे नाव कोणाचे?

संकेश्वरसारख्या गावी घरात मराठी, बाजारात कानडी आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी चालते. हात कापू लागला, अक्षर बारीक होत चालले, म्हणजे रोग्याला बेळगावास किंवा कोल्हापुरास नेतात. तेथे पुष्कळदा रोगी बाहेर बसतो आणि मुलाला आत बोलावले जाते. नाव मुलाला कळते. रोग्याच्या वाट्याला गोळ्यांची पुडी येते. यामागे माया असते, हे निःसंशय. परंतु मायेला दुसऱ्याच्या आयुष्याचे ज्ञान त्याच्यापासूनच लपविण्याचा अधिकार पोचतो काय?

‘ऐकून धसका घेतील,’ असे घरचे म्हणतात. पण कापणारा हात रोग्याला दिसतच असतो. नाव न कळलेले भय अधिकच वाढते.

कंपवाताचेच उदाहरण घ्यावे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. रोग समूळ जात नाही; तरी औषध व व्यायाम यांच्या आधारे अनेकजण वर्षानुवर्षे आपले व्यवहार सांभाळतात. मात्र गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, आणि त्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ज्याला रोगच ठाऊक नाही, तो हा नेम कशाच्या बळावर पाळील? नुसते नाव कळलेल्या घरच्यांचेही तेच. चेहऱ्याचे स्नायू मंदावणे हे रोगाचेच लक्षण आहे, हे कोणी न सांगितल्यामुळे वडील रुसले आहेत असे त्यांना वाटते.

याचा अर्थ सारे सत्य एका बैठकीत ओतावे असा नाही. ‘हा बरा होणार नाही’ एवढेच सांगून मोकळे होणे हीही एक निष्ठुरताच. रोगाची गती प्रत्येकाची निराळी, हेही त्या सत्यातच येते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रोग्याला ‘शुभार्थी’ व त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. तेथे दोघेही एकत्र बसून आजार समजून घेतात. मुलाला आत आणि बापाला बाहेर ठेवणारे दार तेथे नाही.

म्हणून निदानाचे पहिले वाक्य रोग्याच्या भाषेत, रोग्याकडे पाहून उच्चारावे. किती ऐकायचे हे त्याला विचारावे, आणि पुन्हा येऊन विचारण्याची वाट मोकळी ठेवावी. ‘आज नको’ म्हणण्याचा हक्कही त्याचाच. पण तो हक्क त्याने वापरावयाचा. त्याच्या वतीने इतरांनी नव्हे.