आठवणीचें प्रामाण्य

बालपणींच्या आनंदाविषयीं बोलतांना मनुष्य सहसा खोटें बोलत नाहीं. पण तो बोलतो तें सर्व खरें असतें, असेंही म्हणवत नाहीं. जी आठवण त्यानें पन्नास-साठ वर्षें उराशीं बाळगली, तिला त्याच्या हाताचा घाट येतो. देवघरांतलें ताम्हन रोज घासल्यानें त्यावरची नक्षी झिजते आणि तकाकी मात्र वाढते, तसाच कांहींसा प्रकार येथेंही होतो. आतां प्रश्न असा कीं, अशा आठवणीवर सत्याचा कांहीं हक्क पोंचतो काय? कोणाच्या कवडीलाही धक्का न लावणारा हा आनंद जसाचा तसा भोगूं द्यावा, कीं "बाबा रे, तुला आठवतें तसें तें घडलें नव्हतें" असें सांगणें हें कर्तव्य ठरतें? आमच्या नैयायिकांनीं स्मृतीला प्रमेच्या पंक्तीस बसूं दिलें नाहीं. ती केवळ संस्कारापासून उपजलेली, म्हणून तिला अनुभवाहून वेगळें पान वाढलें. पण पंक्तीबाहेरच्या या पाहुणीवांचून माणसाचा एक दिवसही सरत नाहीं, आणि म्हणून हा निकाल शास्त्रावर टाकून मोकळें होतां येत नाहीं.

या प्रश्नाचा विचार आम्ही एका खेळाच्या निमित्तानें करणार आहों, आणि तोही परदेशच्या खेळाच्या. वाचकांपैकीं पुष्कळांना क्रिकेट ठाऊक असेल, बेसबॉल नसेल. तूर्त इतकें कळलें म्हणजे पुरे कीं, त्यांत दोन्ही पक्ष आळीपाळीनें नऊ नऊ डाव खेळतात, चेंडू टाकणाराला पिचर म्हणतात, आणि फटकावलेला चेंडू अधांतरीं कुंपणापार गेला कीं त्याला होम रन म्हणतात. ऑक्टोबर महिन्यांत दोन लीगांच्या विजेत्यांमध्यें 'वर्ल्ड सीरीज' नांवाची सामन्यांची मालिका होते. चार सामने जो आधीं जिंकेल तो त्या वर्षाचा अजिंक्य.

१९६० सालीं ही लढत पिट्सबर्गचा पायरेट्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज या संघांमध्यें झाली. पिट्सबर्ग हें त्या काळीं पोलादाच्या भट्ट्यांचें आणि धुराचें शहर. पायरेट्सना अजिंक्यपद मिळून पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. उलट यांकीजच्या पदरीं तोंवर अठरा अजिंक्यपदें जमा होतीं. सामने सुरू झाले आणि मोठी विचित्र गोष्ट घडूं लागली. यांकीज जिंकत ते १६-३, १०-०, १२-० असे, प्रतिपक्षाला अक्षरशः तुडवून. पायरेट्स जिंकत ते ६-४, ३-२, ५-२ असे, कसेबसे. सहा सामन्यांअंतीं तीन-तीन अशी बरोबरी झाली, आणि १३ ऑक्टोबर रोजीं, गुरुवारीं दुपारीं, पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्ड मैदानावर सातवा सामना उभा राहिला. गुरुवार म्हणजे शाळेचा वार. ज्यांचीं मनें त्या दुपारीं वर्गांत नव्हतीं तीं मुलें आज पंचाहत्तरीच्या आगेंमागें आहेत.

त्या सामन्याचें वर्णन आम्ही थोडें सविस्तर करतों, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. पायरेट्सनीं आरंभीं चार धावांची आघाडी घेतली. यांकीजनीं ती मोडून आठव्या डावांत ७-४ असा पुढावा मिळविला. मग त्याच डावाच्या उत्तरार्धांत बिल व्हर्डन या खेळाडूनें जमिनीलगत एक साधा चेंडू मारला. तो यांकीजच्या टोनी क्यूबेकच्या हातीं सहज यावा आणि दोन गडी एकदम बाद व्हावे, असा तो होता. पण मैदानांतल्या कसल्याशा उंचवट्यावर आपटून तो चेंडू वर उसळला आणि थेट क्यूबेकच्या गळ्यावर बसला. क्यूबेकला मैदान सोडावें लागलें. आणि बाद व्हावयाचे ते गडी टिकल्यानें पायरेट्सनीं त्या डावांत पांच धावा केल्या. शेवटच्या तीन हॅल स्मिथ याच्या होम रनच्या. नवव्या डावांत यांकीजनीं पुन्हा ९-९ अशी बरोबरी साधली. आणि मग दुपारीं तीन वाजून छत्तीस मिनिटांनीं, राल्फ टेरी या पिचरचा दुसराच चेंडू बिल मॅझेरॉस्की यानें डावीकडच्या भिंतीवरून पार भिरकावला. सामना १०-९, अजिंक्यपद पिट्सबर्गचें. यांकीजचा मिकी मँटल पुढें ढसढसा रडला. मालिकेंतल्या एकूण धावा मोजल्या तर यांकीजच्या ५५ आणि पायरेट्सच्या २७. आणि मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान गेला तो पराभूत यांकीजच्या बॉबी रिचर्डसनकडे.

फोर्ब्स फील्ड १९७० सालीं बंद झालें व पुढल्या वर्षीं पाडलें गेलें. त्या जागीं आतां विद्यापीठाच्या इमारती आहेत. फलंदाज जिच्याशेजारीं उभा राहतो ती 'होम प्लेट' एका इमारतीच्या फरशींत कांचेखालीं बसविली आहे, आणि मैदानाच्या बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे. १९८५ सालच्या १३ ऑक्टोबरला एक गृहस्थ त्या भिंतीपाशीं एकटाच जाऊन बसला आणि सामन्याच्या रेडिओवरील वर्णनाचें ध्वनिमुद्रण त्यानें आरंभापासून अखेरपर्यंत ऐकलें. त्याचें पाहून पुढें दहा-वीस, मग शेकडो लोक दर वर्षीं त्या दिवशीं तेथें जमूं लागले. ध्वनिमुद्रण दुपारीं एकच्या सुमारास अशा बेतानें लावतात कीं, मॅझेरॉस्कीचा तो फटका बरोबर तीन छत्तीसला ऐकूं यावा. रामनवमीच्या कीर्तनाला बसलेल्यांस बाराच्या ठोक्याला काय होणार हें का ठाऊक नसतें? तरी पाळण्याची दोरी हातीं येईपर्यंत कोणी उठत नाहीं. या भिंतीपाशींही तसेंच. क्यूबेकच्या गळ्यावर चेंडू बसणार, स्मिथ मारणार, यांकीज पुन्हा बरोबरी करणार, हें सारें पाठ असूनही माणसें हळहळतात आणि टाळ्या पिटतात.

येथवर आमच्या मनांत या मंडळींविषयीं केवळ कौतुकच आहे. त्या भिंतीविषयीं अनेकांची एक भाबडी समजूत आहे कीं, चेंडू गेला तो हिच्यावरूनच. वस्तुतः तो गेला ती डावीकडची भिंत. ती या जागेवर आतां नाहीं, आणि चेंडू जेथून पार झाला ती जागा दाखविणारी पाटी पदपथांत बसविलेली आहे. पण एवढ्यानें काय बिघडलें? यात्रेकरूनें चुकीच्या पायरीवर डोकें ठेविलें म्हणून त्याचा नमस्कार कोणी परत करीत नाहीं. ज्या चुकीची झळ कोणालाच लागत नाहीं, तिच्यावर सत्यशोधनाचा बडगा घेऊन धांवणारा माणूस आम्हांस फारसा आवडत नाहीं. असे लोक लग्नांत पंचांगाच्या चुका काढणारांपैकीं असतात.

परंतु प्रकरण इतक्यावर थांबत नाहीं. रेडिओवर वर्णन करणारा चक थॉम्प्सन हा कसलेला निवेदक. पण त्या ऐन घटकेस गोंधळून त्यानें चेंडू टाकणाराचें नांव राल्फ टेरी न सांगतां आर्ट डिटमार असें सांगितलें. डिटमार त्या वेळीं मैदानाच्या कडेला केवळ सरावाचे चेंडू टाकीत होता. लाखों घरांत तें नांव गेलें, आणि ध्वनिमुद्रणांत कायमचें कोरलें गेलें. त्याच मालिकेंत डिटमारनें दोन सामने सुरू केले होते आणि दोन्ही हरले होते. म्हणजे त्याच्या वांट्याचें अपयश त्याला पुरेसें होतें, त्यावर हें दुसऱ्याचें आलें. पंचवीसेक वर्षांनीं एका मद्याच्या कंपनीनें आपल्या जाहिरातींत तेंच वर्णन वापरलें, तेव्हां त्यानें फिर्याद केली. ती टिकली नाहीं. न्यायालयाचें काय चुकलें हें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण त्या माणसाच्या तक्रारींत आम्हांस एक मोठें मर्म दिसतें. दुसऱ्याच्या सुखाच्या आठवणींत आपलें नांव अपराधी म्हणून गोंवलें जावें, आणि अपराध तर आपला नसावा! हजारों लोकांच्या आयुष्यांतला सर्वांत गोड क्षण हा या एकाला बोचणारा कांटा आहे, आणि त्या हजारोंपैकीं कोणीही त्याचें वाईट चिंतलेलें नाहीं.

येथें आम्हांस आमचें आरंभींचें मत सुधारून घ्यावें लागतें. आठवण ही आमची खासगी मिळकत, असें आपण समजतों. पण तिच्यांत क्वचितच आपण एकटे राहतों. तिच्यांत दुसरीं माणसें असतात, आणि तीं आपल्या परवानगीनें तेथें आलेलीं नसतात. जीं असतात त्यांच्याशीं वागतांना जो प्रामाणिकपणा आपण जागेपणीं पाळतों, तो आठवणींत पाळूं नये, असें म्हणण्यास आधार काय?

कोणी म्हणेल कीं, हें मागणें अन्यायाचें आहे. आठवण चुकते ती जाणून-बुजून चुकत नाहीं. हें अगदीं खरें आहे, आणि याचें याच खेळांतलें एक उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें. उल्रिक नायसर हे अमेरिकेंतले विख्यात मानसशास्त्रज्ञ, स्मृतीच्या अभ्यासांत मुरलेले. जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केल्याची बातमी आपण कशी ऐकली हें त्यांना स्वच्छ आठवे: आपण मुलगा होतों, दिवाणखान्यांत रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन ऐकत होतों, आणि तें मध्येंच तोडून ती बातमी आली. अनेक वर्षें ही आठवण त्यांनीं निःशंक बाळगली. एके दिवशीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तो दिवस १९४१ च्या डिसेंबरचा ७ वा. आणि डिसेंबरांत बेसबॉल खेळतच नाहींत! १९८२ सालीं त्यांनीं ही आपली फजिती स्वतःच छापली. पुढें १९८६ सालीं इतर संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, त्या दिवशीं रेडिओवर फुटबॉलचा सामना होता, आणि त्यांतल्या दोन्ही संघांचीं नांवें न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघांचींच होतीं. म्हणजे आठवण सर्वस्वीं खोटी नव्हती. एका आवडत्या खेळाकडे कलली होती इतकेंच. ज्याच्या हातीं स्मृतीची नाडी, त्याचीच ही गत, तर इतरांची काय कथा?

म्हणून चुकीचें आठवणें हा दोष आम्ही कोणाच्या माथीं मारीत नाहीं. प्रश्न त्यापुढचा आहे. नायसर यांना चूक कळली, आणि त्यांनीं ती सांगितली. ती दडपून ठेवतां आली असती; कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. आम्हांस वाटतें, स्मृतीसंबंधीं माणसाची जबाबदारी येथें सुरू होते. आठवण घडतांना नव्हे, तर तिला साक्षीदार भेटतो तेव्हां. त्या साक्षीदाराला कोणी दारांतूनच परत धाडतो, कोणी आंत बोलावून बसवितो.

पिट्सबर्गच्या मंडळींना तर असा साक्षीदार खरोखरच भेटला, आणि तोही पन्नास वर्षांनीं. सातव्या सामन्याचें संपूर्ण चलच्चित्र उरलेलें नाहीं, अशीच सर्वांची समजूत होती. त्या काळीं दूरचित्रवाणीवाले असल्या गोष्टी जपून ठेवीत नसत. पण प्रसिद्ध गायक व नट बिंग क्रॉस्बी हे पायरेट्सचे एक भागीदार होते. सामना पाहण्याचा धीर न होऊन ते त्या वेळीं पॅरिसला गेले. मात्र जातांना दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून सामन्याचें चित्रण करवून घेण्याची व्यवस्था करून गेले. त्या फिती त्यांच्या घरच्या तळघरांत, मद्याच्या बाटल्यांच्या संगतींत, पडून राहिल्या आणि २००९ च्या डिसेंबरांत हातीं लागल्या. पुढल्या वर्षीं तें चित्रण लोकांना दाखविण्यांत आलें. ज्यांनीं दहा वर्षांचें असतांना कानांनीं ऐकलेलें साठींत डोळ्यांनीं पाहिलें, त्यांच्या मनाची स्थिति काय झाली असेल याची कल्पनाच करावी. साक्षीदार आला, आणि तरीही पुढल्या १३ ऑक्टोबरला लोक भिंतीपाशीं यावयाचे थांबले नाहींत. पुरावा पुढें आला म्हणजे प्रेम आटतें, असें भय ज्यांना वाटतें त्यांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

आम्हांस मात्र अधिक चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आठवण खोटें सांगते त्याहून जास्त अन्याय ती गाळून करते. मॅझेरॉस्की हा मुळांत फटकेबाज म्हणून नांवाजलेला खेळाडूच नव्हे. चेंडू अडवून क्षणार्धांत दुसरीकडे धाडण्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. ती त्याची सतरा वर्षांची रोजची मजुरी, आणि तिच्या बळावरच २००१ सालीं तो या खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्यें गेला. त्या समारंभांत बोलावयास उभा राहिला तो दोन-चार वाक्यांतच हुंदका येऊन खालीं बसला. लोक मात्र त्याला एका फटक्याचा धनी म्हणून ओळखतात. क्यूबेकच्या गळ्यावर चेंडू बसला त्यांत कोणाचाच पराक्रम नव्हता, तरी त्या उंचवट्याखेरीज हा उत्सव झाला असता काय, हें सांगणें कठीण आहे. आणि पंचावन्न धावा करूनही हरलेल्या यांकीजचे वृद्ध व्यवस्थापक केसी स्टेंगेल यांना, सात अजिंक्यपदें मिळवून दिलीं असतांही, सामना संपल्यावर पांचच दिवसांत घरीं बसविण्यांत आलें.

राहिला राल्फ टेरी. त्याचें नांव निवेदकानें चुकविलें, तरी दोष त्याचाच होता आणि त्यानें तो कधीं नाकारला नाहीं. दोन वर्षांनीं, १६ ऑक्टोबर १९६२ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें पुन्हा सातवा सामना आला, आणि पुन्हा शेवटचा डाव टाकावयास टेरीच उभा राहिला. यांकीज १-० अशा एका धावेनें पुढें. दोन गडी बाद. प्रतिपक्षाचे दोन खेळाडू धाव घेण्याच्या तयारींत. विली मॅककव्ही यानें असा जोरदार तडाखा मारला कीं, तो चेंडू चार हात इकडे किंवा तिकडे जाता तर टेरीच्या नशिबीं दुसरी भिंत आली असती. तो सरळ बॉबी रिचर्डसनच्या हातांत गेला. त्या वर्षीं मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान टेरीला मिळाला. पिट्सबर्गच्या त्या भिंतीपाशीं दर वर्षीं जें वर्णन ऐकवितात, तें १९६० च्या त्या दुपारीं संपतें. आणि त्यांत चेंडू टाकणारा अजूनही आर्ट डिटमारच आहे.