चोच

पहिल्यांदाच खुराडं बांधलं. गिरणीतल्या पाळ्या सांभाळून, तीन रविवार मोडून. सुतारकाम येत नव्हतं. चार फूट बाय तीन फूट, सहा गावठी कोंबड्या. मुंगसाच्या भीतीनं जमिनीपासून दोन फूट उंच घेतलं, अर्ध्या इंचाची जाळी मारली, वरच्या अंगाला हवेला फट ठेवली, तळाला भाताचं तूस पसरलं. आय म्हणाली, "आपल्या घराला बी एवढी हवा नाय रं."

चूक दांड्यात झाली. एका कोंबडीला बसायला आठ इंच तरी लागतात. मी सहा जणींना अडीच फुटांचा दांडा दिला. खाण्याचं भांडंही एकच. चौथ्या दिवशी सगळ्यात दुबळी कोंबडी पाठ सोलून कोपऱ्यात बसलेली.

जॉबरला सांगितलं तर तो हसला. म्हणला, "बघ, उतरंड निसर्गानंच केलीय. तुम्ही उगं भांडताय."

मित्रहो, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्याचं अर्धं खरं होतं. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे या माणसानं १९२२ सालीच लिहून ठेवलंय की कोंबड्यांत टोचण्याचा क्रम असतो. मग आपण निसर्गाशी भांडतोय काय?

पण निसर्गात मुंगूसही आहे. म्हणून मी जाळी मारायची नव्हती?

दांडा चार फुटांचा केला. दुसरं भांडं ठेवलं. जखमेला हळद लावून तिला आठ दिवस वेगळी ठेवली. टोचणं सगळं थांबलं नाही, रक्त थांबलं. म्हणजे क्रम कोंबड्यांचा असेल, रक्त माझ्या अडीच फुटांचं होतं.

आणि कोंबडीची जागा तिनं स्वतःच्या चोचीनं मिळवलेली. ती मेली की जागा संपली. पिल्लू अंड्यातून आईची जागा घेऊन बाहेर पडत नाही. कुठल्या कोंबडीनं त्यासाठी पोथी लिहिली? बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती जन्माआधीच ठरते. तिला निसर्ग म्हणणं म्हणजे खुराडं बांधणाऱ्याला लपवणं.

हे सगळं जॉबरला ऐकवून मोठ्या ऐटीत घरी आलो. आणि भाकरीला उशीर झाला म्हणून आयवर खेकसलो. ती काही बोलली नाही.

वरून टोच बसली की खाली टोचायचं. श्रेणी टिकते ती अशी. दांडा लांब करायचाच आहे, त्यासाठी मोर्चेही काढायचेत. पण मोर्च्यावरून घरात शिरताना, दोस्तांनो, आधी आपली चोच तपासा. मी आता तपासतो. रोज जमतंच असं नाही.