हळदीचं दूध

सकाळचे सव्वासहा. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, सलग चौथी नाइट, आणि बायकांच्या मेडिकल वॉर्डातल्या चौदा जणींचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) एकटीनं उरकायचं.

अकरा नंबरच्या आजी मध्यरात्री आल्या होत्या. मळमळ, जुलाब, चार दिवस अन्नावर वासना नाही. केसपेपरवर जुनं दुखणंही होतं : हृदयाची झडप खराब, ठोके कायमचे अनियमित. घरून डिगॉक्सिन आणि लघवीची गोळी चालू.

मुलीनं मनगट धरलं. पंधरा सेकंदांत बारा ठोके. बारा चोक अठ्ठेचाळीस. एवढे कमी कसे? आपलंच मोजताना चुकलं असणार. कॅज्युअल्टीच्या कागदावर ७२ होते, तिनंही ७२ लिहिले. (ते तिथं कुणी आणि किती सेकंदांत मोजले होते, देव जाणे.)

साडेसातला दूध आलं. आजींनी कप परत केला.

"हळदीचं नगं म्हणून कालपास्नं सांगतीया."

"आजी, साधंच दूध आहे हो!" मुलगी हसली. शेजारच्या खाटेवरचीही हसली. म्हातारपणी असं व्हायचंच.

पावणेआठला इन्चार्ज सिस्टर आल्या. ओव्हर देताना मुलीनं हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. सिस्टर हसल्या नाहीत. तडक अकरा नंबरला गेल्या.

"आजी, हळद आणखी कुठं दिसते?"

"ह्या चादरीला हाय की. आन् ह्या पोरीच्या कापडालाबी."

सिस्टरनी आजींची पापणी खाली ओढून पाहिली. डोळा पांढरास्वच्छ, म्हणजे कावीळ नव्हती. स्टेथोस्कोप मुलीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "छातीवर लाव. डावीकडे, पाचव्या-सहाव्या फासळीच्या मधे. पूर्ण एक मिनिट."

वॉर्डातल्या सकाळच्या गडबडीत एक मिनिट फार लांब असतं. मुलगी मोजत राहिली.

"शेहेचाळीस. पण सिस्टर, अगदी एका लयीत आहेत."

"तेच वाईट. यांचं हृदय वीस वर्षं लयीत चाललेलं नाही. आज एका रात्रीत शहाणं झालं?"

त्यांनी औषधांच्या ट्रेमधली डिगॉक्सिन उचलून बाजूला ठेवली. ठोके साठच्या खाली असले तर ही गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना कळवायचं. फोन झाला, ईसीजी निघाला, पोटॅशियमसाठी रक्त गेलं, आजींना मॉनिटर लागला.

बाहेर बाकावर सूनबाई होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "आधी शनिवार-रविवार गोळीला सुट्टी असायची. औषधाला कसली सुट्टी, म्हणून मी महिनाभर रोज देत होते." मनापासून केलेली सेवाच होती ती. पण वयानं थकलेली मूत्रपिंडं डिगॉक्सिन लवकर बाहेर टाकत नाहीत, ते साठत जातं. त्यात जुलाब आणि लघवीची गोळी यांनी पोटॅशियम उतरवलं, की तेवढीच मात्रा विषासारखी वागते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं १७८५ साली डिगॉक्सिनच्याच कुळातल्या डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिलं. हे औषध जास्त झालं की रोग्याला सगळं हिरवं-पिवळं दिसतं, अशी नोंद त्यात आहे. आजींनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांना दिसलं ते त्या दोन दिवस सांगत होत्या.

"हे ७२ कुठून आले?" सिस्टरनी चार्ट पुढं धरला.

मुलीचा आवाज फुटेना. "अठ्ठेचाळीस आले होते. मला वाटलं, माझंच चुकलं."

"मग परत मोजायचं होतंस."

एवढंच बोलून सिस्टरनी स्वतःच्या खिशातलं पेन दिलं. मुलीनं ७२ वर एकच सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ४८ लिहून सही केली. त्याखाली नवी नोंद केली : ८ वाजून ५ मिनिटे, छातीवरचे ठोके ४६, डिगॉक्सिन दिली नाही, डॉक्टरांना कळवले.