पाषाणातील रयत

गावाबाहेर मारुतीच्या पाराशी कललेली वीरगळ खालून वर वाचावी लागते: तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला पुरुष, त्यावर रणप्रसंग, त्याहून वर त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, आणि शेवटी शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर व माथ्यावर चंद्रसूर्य. ज्या गुरांच्या रक्षणार्थ त्याने देह ठेवला ती गुरेही कित्येक शिळांवर कोरलेली आढळतात. परंतु त्या गुरांवर ज्यांचा संसार चाले ते घर, तेथील वृद्ध आणि त्या साली बुडालेली पेरणी यांस दगडात ठाव नाही. स्त्री आली तर सतीशिळेवर, आणि तीही बहुधा कोपरात दुमडलेल्या, बांगड्या भरलेल्या एका हाताच्या रूपाने. तिच्या मरणाची नोंद झाली, जगण्याची नव्हे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावी संगमरवरी पाट्या बसविल्या, त्यांत अमुक मौजेचे इतके इसम लढाईवर गेले व पैकी इतके कामी आले, एवढाच दप्तरी हिशेब होता. वीरगळीने राखलेला चेहराही त्यात लोपला. त्याच युद्धात, ऑक्टोबर 1914 मध्ये, पुत्र गमावलेल्या जर्मन शिल्पकार केटे कोल्विट्स यांनी 1932 साली बेल्जियममधील दफनभूमीत जी शिल्पे स्थापिली, त्यांत मात्र सैनिकच नाही. पिता छातीशी हात आवळून ताठ गुडघे टेकलेला, माता पुढे वाकलेली, आणि चेहरे बाईंच्या पतीचे व त्यांचे स्वतःचे. रणकथेतून रणवीरच वगळून मागे उरलेल्यांस पाषाणाचा अधिकार देणे, ही मला शिल्पविचारातील खरी क्रांती वाटते.

खानदेशाने या वाटेवर एक पाऊल टाकले ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबारात 9 सप्टेंबर 1942 रोजी निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि शिरीषकुमार मेहता हा कोवळा विद्यार्थी व त्याचे चार सोबती पडले. त्यांच्या स्मारकाने शस्त्र न धरलेल्या पोरांस वीराचे आसन दिले, हे थोडे नव्हे. तथापि आसन मिळाले ते पुन्हा मरणालाच.

युद्धकाळी रयत जगते कशी, शिधावाटपाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभी राहते कशी, याचे शिल्प आमच्याकडे कोणी मागितलेच नाही. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसे घडविणाऱ्या कामगारांचे हात 1971 सालीही सैनिकाइतकेच युद्धात गुंतलेले होते, पण चौकात पुतळा बसवायचा तर आम्हांस घोडा आणि तलवार हवीच. (घोड्याशी माझे वैर नाही.) कौशल्याची उणीव म्हणावी तर धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी 1925 साली राम सुतार जन्मले, आणि गांधीसागर धरणापाशी त्यांनी चंबळ नदीस दोन लेकरांची आई करून पंचेचाळीस फूट उंच उभे केले. तेव्हा धुळे व जळगावच्या महापालिकांनी पुढील पुतळ्याचा ठराव मांडताना एक चौथरा या बिनतलवारीच्या माणसांसाठी राखून ठेवावा.