भरतीपुरतं धावणं

पहाटे पाचला महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसतात. मैदान नाही म्हणून डांबरी रस्ता. ट्रकचा उजेड अंगावर आला की कडेला व्हायचं, तो गेला की पुन्हा सुरू. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण असतात : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. खेड्यातल्या एवढ्या तरुणांना रोज घराबाहेर काढून पळवणारं दुसरं सरकारी धोरण मला दिसत नाही. आणि ते क्रीडा खात्याचं नाही, गृहखात्याचं आहे.

या धावण्याचं मला फार मोल वाटतं, विशेषतः मुलींच्या. एरवी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचं खेळणं सुटतं. ‘खेळू नकोस’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, भाकऱ्या थापायच्या असतात, दिवेलागणीच्या आत घरी यायचं असतं. तीच मुलगी भरतीसाठी ट्रॅकपँट घालून अंधारात निघते, तेव्हा वडील मोटारसायकल घेऊन मागून येतात. नावं ठेवणारे गप्प बसतात, कारण आता त्या पळण्यामागे नोकरी आहे. पण निवड यादी लागली किंवा वय उलटून गेलं, की बूट माळ्यावर. यादीत नाव न आलेल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी ‘पळायला जाते’ म्हटलं, तर ‘आता कशाला?’ हा प्रश्न घरातूनच येतो.

राज्याचं धोरणही हाच प्रश्न विचारतं. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. कष्ट करून पुढे आलेल्यांचा हा मान रास्तच आहे. पण जी मुलं कधीच जिंकणार नाहीत, त्यांनी का खेळावं याचं उत्तर त्यात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान सांगितलं. तरी दहावी जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो आणि पालकांना ते बरंच वाटतं. नॉर्वेत बालक्रीडेचे स्वतंत्र नियम आहेत. तिथे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मुलांच्या निकालांची क्रमवारी लावत नाहीत. मूल आधी मैदानावर रमावं, टिकावं, हा त्यामागचा विचार मला पटतो.

आपल्याकडे क्रीडा संकुल तालुक्याला असतं. वाडीवरच्या मुलीला तिथून परतायला संध्याकाळची एसटी मिळेलच असं नाही. तिच्या घराजवळ असतं ते जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, आणि शाळा सुटली की त्याच्या फाटकाला कुलूप लागतं. ते कुलूप संध्याकाळी दोन तास निघावं, दोन दिवे लागावेत, गावातल्याच एखाद्या माजी खो-खोपटू ताईला मानधन मिळावं, आणि तिथे येणाऱ्या मुलीला कुठल्याही चाचणीला बसावं लागू नये. पुढच्या अर्थसंकल्पात क्रीडा खात्यानं एवढं तरी मागावं.