वाट पाहणारी माणसं

मणि कौल यांचा ‘उसकी रोटी’ १९७० सालचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या दिग्दर्शकाचा तो पहिला कथापट, मोहन राकेश यांच्या कथेवर बेतलेला. पंजाबातली बालो बसचालक नवऱ्याची रोटी घेऊन हमरस्त्यावर उभी राहते. गाड्या येतात, धुरळा उडवून जातात, ती उभीच. एरवी सिनेमात वाट पाहणं दोन क्षणांत उरकलं जातं. बाई दाराशी दिसते, लगेच माणूस येतो. कौल यांनी मधला वेळ कापला नाही. के. के. महाजन यांचा कॅमेरा तिचा चेहरा, तिचे हात न्याहाळत राहतो. अनेक प्रेक्षक कंटाळले. मला मात्र हा सिनेमा न्यायाचा वाटतो, कारण तिचा वेळ त्याने फुकटचा मानला नाही.

मावळात तो हटकून आठवतो. पावसाळी रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो आणि कडेला शेगडीपुढे कणसं भाजत एखादी बाई बसलेली असते. मे महिन्यात करवंदं-जांभळांची पाटी असते. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं. स्थिर बसायला शिकण्यासाठी तिथे दूरदूरहून माणसं येतात, आणि तो अभ्यास मोलाचाच आहे. पण आपण होऊन बसणं वेगळं, बसावं लागणं वेगळं. पाटी खपेपर्यंत या बाईला उठता येत नाही. मधूनच गाडीची काच खाली होते, “कितीला?” घासाघीस होते, काच वर जाते. कणीस कोवळं की जून हे पाहून होतं, बाई पाहायची राहते.

कुणी कुणासाठी थांबायचं हे बळावर ठरतं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून कोण बसलेलं असतं ते पाहावं.

बालोला त्या दिवशी उशीर झालेला असतो. गावातल्या एकाने तिच्या धाकट्या बहिणीची छेड काढलेली असते, त्यात वेळ जातो आणि बस चुकते. नवरा रागावतो. उशीर का झाला, हे ऐकून घेण्याची त्याची तयारी नसते. रात्र पडते तरी ती रस्त्यावरच.

तेवढं ऐकून घेणं आपल्या हातात आहे. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं, भावात दहा रुपये कमी करू नयेत आणि विचारावं, “मावशी, कुठल्या गावच्या?” करवंदं डोंगरावरून आणायला किती पहाटे निघावं लागतं, हे ती तिथेच सांगेल.